लवू घाडीचा हात

बक्षीस समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांचं एक बरं असतं. हार घालून घ्यायचा, नारळ हातात धरायचा आणि सांगायचं की मुलांनो, खेळ माणसाला जिद्द शिकवतो. मग चहा पिऊन घरी जायचं. घाटकोपरच्या भटवाडीत टेकडीवर राहणाऱ्या लवू घाडीचं काय झालं, हे त्यांच्यातल्या एकालाही कुणी सांगितलेलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

लवू देवगडकडचा. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आला, मामाच्या ओळखीनं परळच्या एका गिरणीत लागला आणि टेकडीवर एका खोलीत बिऱ्हाड केलं. दिवसा गिरणीतला साचा, संध्याकाळी कबड्डी. तिसरं काही त्याला येत नव्हतं आणि नको होतं. मंडळाच्या मैदानात तो डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा. चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' घुमवत यायचा, लवू गरीब चेहरा करून गुडघा पुढं ठेवायचा. त्या बिचाऱ्याला वाटायचं, हा सोपा आहे, ह्याला पायानं शिवू आणि पळू. त्याचा अंगठा लवूच्या गुडघ्याला टेकायचा आणि तेवढ्यात लवूचे दोन्ही हात त्याच्या घोट्यावर बसलेले असायचे. मग तो गडी कितीही तडफडला तरी मध्यरेषा त्याला मिळायची नाही. "लागलं की हात आधी निघतात, मी मागनं जातो," असं लवू म्हणायचा, आणि त्यात फुशारकी नव्हती.

हे सगळं धोंडिराम मास्तरांचं शिक्षण. मास्तर कुठल्या शाळेत नव्हते. पाणी खात्यात चावीवाले होते, पण टेकडीवर लहानथोर त्यांना मास्तरच म्हणत. मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्ची टाकून बसत. जमत नाही म्हणून सोडायचं नाही, रोज तेच करत राहायचं, अंग आपोआप शिकतं, हे त्यांचं पहिलं सांगणं. दुसरं जरा जड होतं. चढाईवाला शिवून परत गेला, पंचाला दिसलं नाही, खुद्द शिवणाऱ्यालाही कळलं नाही, तरी ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा आणि मुकाट बाहेर जायचं. कुणी चलाखी केली तर मास्तर शिव्या देत नसत. खेळ थांबवत. सगळे जागच्या जागी उभे, आणि तो हात वर होईस्तोवर पुढं काही नाही. गणपतीतल्या एका सामन्यात त्यांनी आपल्याच संघाला असं ताटकळत ठेवलं होतं, आणि हातातला सामना घालवला होता. लोक चिडले. मास्तर तंबाखू मळत बसले. अशा माणसाच्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षं काढल्यावर लवूच्या हाताला वर जायला लवूची परवानगी लागत नव्हती.

मग गिरण्यांचा संप झाला. वर्ष उलटलं तरी तो मिटेना. सुरुवातीला लवू रोज गिरणीच्या गेटावर जायचा, नंतर आठवड्यातून एकदा, नंतर जाईनासा झाला. त्याची बायको रुक्मिणी घरोघर भांडी घासायला जायला लागली. लवूनं हमाली करून पाहिली, रंगकाम करून पाहिलं, पण कायमचं कुणी घेईना. रुक्मिणी सरळ बाई, आडपडदा नाही. ती एक दिवस म्हणाली, आपल्या पोरीची, प्रेमाची, वार्षिक परीक्षा होऊन शाळा सुटेपर्यंत बघू. तोवर तुमच्या कामाचं काही झालं तर ठीक, नाहीतर मी पोरीला घेऊन गावाला जाते, तिथं निदान तांदूळ तरी घरचा आहे. आणि एकदा गेले की पोरीची शाळा तिथलीच. गावाला गेलेली बिऱ्हाडं परत येत नाहीत हे टेकडीवर सगळ्यांना दिसत होतं. माणूस इथं, बायको-मूल तिथं, आणि वर्षातून एकदा गणपतीला भेट.

अशात जयवंत आला. हा मंडळातलाच जुना गडी, मुलुंडच्या एका औषधांच्या कंपनीत खेळाडू म्हणून चिकटला होता. म्हणाला, "अरे, आमची कंपनी टीम वाढवतेय. रविवारी ट्रायल मॅच आहे. लेफ्ट कॉर्नर नाहीच आहे आमच्याकडे यार, तू नुसता ये. झकास काम होईल."

लवू गेला आणि खेळलाही तसाच. एकेकाचे घोटे धरून त्यानं असे आपटले की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचा साहेब खुर्चीवर बसला होता; त्याला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लवूकडं बोट दाखवून तो काहीतरी बोलला आणि जयवंतनं लांबूनच अंगठा दाखवला. शेवटची काही मिनिटं उरली. दोन्ही बाजू बरोबरीत, लवूच्या बाजूला तो आणि आणखी एकच गडी शिल्लक. समोरचा चढाईला आला, हात मारला, रिकामा परत गेला. म्हणजे सगळ्यांना वाटलं रिकामा. त्याचं नख लवूच्या बनियनला पाठीमागं ओझरतं लागून गेलं होतं. पंच गप्प, चढाईवाला तोंड पाडून आपल्या जागेवर, आणि लवू हात वर करून बाहेर निघालेला.

पुढं व्हायचं तेच झालं. उरलेला एकटा गडी लगेच पडला, लोण बसलं, सामना गेला. साहेबानं जयवंतला बोलावून विचारलं, हा माणूस आपले पॉइंट समोरच्यांना का वाटतोय? जयवंतनं समजवायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाला, असल्या माणसाला टीममध्ये घेऊन काय करू, पूजा करू? जयवंत परत येऊन लवूला म्हणाला, "वाट लावलीस रे. स्वतःच्या हातानं वाट लावलीस."

घरी रुक्मिणी भाकरी थापत होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. तरी विचारलं, "काय झालां?"

त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "पंचान बघितलेन?"

"नाय."

"मगे हात कित्याक वर केलात?"

"मी करूक नाय गो. हात आपसूक गेलो."

रुक्मिणीला राग आला, आणि का येऊ नये? परक्यांच्या घरची भांडी घासून तिच्या बोटांच्या चिरा भरत नव्हत्या. पण ती ओरडली नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, हे असं असेल तर हाताला शिकवायला पाहिजे.

शिकवायचं म्हणजे कसं, तेही तिनंच काढलं. "हात रिकामो हा म्हणान वर जाता. तेका कायतरी धरूक द्या." अंगाला काही लागलं की उजव्या हातानं चड्डीची कड घट्ट पकडायची, असं ठरलं. जयवंतनं खबर आणलीच होती की अंधेरीला एमआयडीसीत पंख्यांच्या एका कारखान्याची निवड आहे, शाळा सुटायच्या आतच. लवूनं कंबर कसली.

आता पाहुण्यांची ती जिद्द बघा. लवू दाढी करत असायचा, रुक्मिणी मागून येऊन उलथन्यानं पाठीला टोचायची. पहिल्यांदा हात वर गेला आणि गालाला कापलं. तो जेवत असायचा, ती हळूच कोपराला बोट लावायची. हात वर गेला आणि भाताची शितं कंदिलाच्या काचेवर. प्रेमा हसून लोळायची. लवूला हसू यायचं नाही. पाणी भरताना, चपला घालताना, देवाला हात जोडताना, कुठंही बायको शिवायची आणि तो चड्डीची कड शोधायचा. जमत नाही म्हणून सोडायचं नाही, रोज तेच करत राहायचं. मास्तरांचं एक सांगणं घेऊन तो मास्तरांचं दुसरं सांगणं अंगातून खरवडून काढत होता. हे त्याला कळत होतं, म्हणून तर मैदानावर जाणं त्यानं बंद केलं होतं. गुडघा दुखतो म्हणून निरोप धाडला. मास्तरांनी मंडळातल्या एका पोराबरोबर तेलाची बाटली पाठवली. ती बाटली बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो गेला नाही. त्यांच्यासमोर हे शिकायची त्याची छाती नव्हती.

हळूहळू हात शिकला. रुक्मिणीनं पाठ शिवली, दंड शिवला, गुडघा शिवला. हात खाली जाऊन कड पकडायचा आणि तिथंच राहायचा. झोपेतही. एका सकाळी ती म्हणाली, "झालां. आता तुमका कोणी भायर काढूचो नाय." दोघंही त्या दिवशी खुशीत होती. प्रेमाची परीक्षा सुरू झाली होती, आणि रुक्मिणीनं शेजारणीला सांगूनही टाकलं की बहुतेक आमचं गावाला जाणं रद्द.

अंधेरीच्या मैदानावर निवड करायला एक जुना खेळाडू उभा होता. त्यानं लवूला नावानं ओळखलं. म्हणाला, "घाटकोपरचा घाडी ना तू? तुझी घोट्याची पकड मी बघितलीय. ये, डावीकडं उभा राहा." लवूला वाटलं, झालंच आपलं काम.

पहिलाच चढाईवाला उंच, लांब पायांचा. लवूनं गरीब चेहरा केला, गुडघा पुढं ठेवला. त्यानं पाय लांबवला. अंगठा गुडघ्याला टेकला, आणि लवूच्या उजव्या हातानं लवूचीच चड्डी पकडली.

डावा हात एकटाच घोट्यावर पडला. एका हातानं कुठं घोटा राहतो? तो गडी पाय झटकून मध्यरेषेपलीकडं गेलासुद्धा, आणि लवू मातीत पालथा, एक हात पुढं, एक हात चड्डीला. दोन-चार जण हसले. निवडणारा म्हणाला, "होतं असं. उठ." लवू उठला. पुढच्या वेळी मुद्दाम सावध राहिला. मनात म्हणत राहिला, हात पुढं, हात पुढं. अंगठा लागला, हात चड्डीच्या कडेला. त्यानं तो ओढून पुढं आणला तोवर समोर नुसती धूळ होती. विचार करून पकड होत नसते. रुक्मिणी शिवायची आणि हात खाली जायचा, इतके दिवस त्यानं हेच घोटवलं होतं. स्पर्श झाल्यावर आणखी काही करायचं असतं, हे हाताला आता आठवत नव्हतं. आणि लवूच्या खेळात स्पर्शाखेरीज होतं काय?

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर निवडणाऱ्यानं त्याला बाजूला घेतलं. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, "काय झालं रे तुला? आजारी होतास का?" लवू काय सांगणार? हो म्हणाला. "मग बरा हो आधी," म्हणून त्यानं पाठीवर थाप मारली, आणि लवूचा हात पुन्हा चड्डीकडं गेला.

घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं नाही. पकड बसली नाही एवढंच म्हणाला. पण रुक्मिणी खुळी नव्हती. ती म्हणाली, "माझा चुकला." लवू म्हणाला, "तुझा नाय गो." चुकलं असतं कुणाचं तर त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

शाळा सुटली तशी तो त्यांना कुर्ल्याच्या एसटी स्टँडवर सोडून आला. प्रेमा खिडकीशी बसून आंब्यांच्या गोष्टी करत होती. रुक्मिणी म्हणाली, जेवणाची आबाळ करू नका, आणि संध्याकाळी मैदानात जात जा, घरात एकटे बसू नका. गाडी सुटल्यावर तो तिथंच उभा राहिला, कंट्रोलरनं बाजूला हो म्हणेपर्यंत.

बायकोनं सांगितलं म्हणून त्या संध्याकाळी तो मैदानात गेला. कुणी काही विचारलं नाही. मास्तरांनी मान हलवून डावा कोपरा दाखवला. नेहमीचीच पोरं, नेहमीचाच आरडाओरडा. समोरून एक जण आला, लवूच्या बाजूनं वाकून हात फिरवला आणि परत पळाला. त्याची बोटं लवूच्या पोटरीला चांगली लागली होती. त्या पोराला कळलं नाही, पंचाला दिसलं नाही.

लवूला कळलं होतं. आज इथं काही पणाला नव्हतं, नोकरी नाही, साहेब नाही, आणि तो हात वर करायला मनापासून तयार होता. हात चड्डीच्या कडेला होता. त्यानं तो सोडवायचा प्रयत्न केला. मूठ उघडेना. कितीतरी वेळ गेल्यासारखं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात त्यानं मास्तरांकडं पाहिलं.

मास्तर त्याच्याकडंच बघत होते. त्यांना दिसलं होतं. त्यांना नेहमीच दिसायचं. लवू वाट बघत राहिला, आता ते उठतील, आता खेळ थांबवतील, सगळ्यांसमोर उभं करतील. तसं झालं असतं तर त्याला रडता आलं असतं. मास्तरांनी त्याच्या मुठीकडं पाहिलं, चेहऱ्याकडं पाहिलं, मग नजर दुसरीकडं वळवली आणि पंचाला म्हणाले, "चालू दे."