रिंगणाच्या दोरीबाहेर

उज्ज्वलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात हेडफोन लावून कुणाच्या तरी गाडीच्या विम्याची तक्रार ऐकत होते. मोबाइलवर ब्रूसचं नाव दिसलं. ब्रूस म्हणजे ताईंचा शेजारी, ऑकलंडबाहेर, पापाकुराच्या पलीकडे त्यांच्या पॅडॉकला, म्हणजे गाईंच्या कुंपणाला, लागूनच त्याचं कुरण आहे. तो मला कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव पाहताच मी हेडफोन काढून ठेवला. उज्ज्वला पॅडॉकमध्ये पडली, अँब्युलन्स आली आहे, पण... एवढं म्हणून तो थांबला. मला पुढचं काही ऐकूच येईना, कारण शाळेला सुट्टी होती आणि माझी अकरा वर्षांची इरा त्या आठवड्यात आत्याकडेच राहायला गेली होती. माझ्या तोंडून निघाला तो पहिला शब्द ‘इरा’. इरा ठीक होती. तिनेच आधी वासरू फाटकाला बांधलं आणि मग धावत जाऊन ब्रूसला बोलावून आणलं होतं. मोटरवेवर गाडी चालवताना त्या मोकळ्या कुरणात माझी एकटी पोर, एक वासरू आणि गवतात पडलेल्या ताई, एवढंच दिसत होतं. हृदयविकाराचा झटका, असं नंतर कळलं. साठीसुद्धा आली नव्हती त्यांची.

उज्ज्वलाताई म्हणजे माझा नवरा निलेश, त्याची थोरली बहीण. सांगलीहून इथे शिकायला आल्या तेव्हा ऑकलंडमध्ये मराठी माणूस शोधावा लागायचा म्हणे. शिकून त्या दुधाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत आणि पैसे जमल्यावर घर घेतलं ते चार गाई मावतील असं. मी पुण्याची. देवळाबाहेर चारावाली बसायची, तिच्या बांधलेल्या गाईलाही मी लांबूनच नमस्कार करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा ताईंकडे गेले तर गाडीतून उतरेचना, कारण फाटकाशी एक गाय उभी होती. निलेश तेव्हापासून मला ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून चिडवतो. ताईंनी मात्र कधी हसून विषय काढला नाही. नुसतं गाईला बाजूला नेऊन म्हणाल्या, “ये आता, स्मिता. ती शिष्ट आहे, तुझ्याकडे बघणार पण नाही.”

त्यांच्याबरोबर शेतीच्या शोला पहिल्यांदा गेले त्या दिवसाची माझी आठवण म्हणजे सगळी घाबरण्याचीच. लोक तिथे मजा करायला येतात. गवतावर बुढ्ढी के बाल खात फिरतात, मेंढीची लोकर एका दमात उतरवणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवतात, केक आणि मुरंब्यांच्या तंबूत नाक खुपसून हिंडतात. मी काय बघितलं? एक धिप्पाड माणूस लाकूडतोडीच्या शर्यतीत आडव्या ओंडक्यावर उभा राहून स्वतःच्याच दोन पावलांच्या मधोमध कुऱ्हाड घालत होता आणि बायको त्याची शांतपणे चिप्स खात होती. मी डोळे मिटून घेतले. मग बैल आले. नाकात कडी, मान माझ्या कमरेपेक्षा जाड, आणि धरणारी एक शाळकरी वाटावी अशी मुलगी. ताई प्रत्येकाची वंशावळ सांगत होत्या आणि मी जीव मुठीत धरून त्यांच्या जॅकेटची बाही पकडून चालत होते. इरा तेव्हा आठ वर्षांची. ती मात्र एका रिंगणाच्या दोरीला चिकटून उभी राहिली ती हलेना. आत पांढऱ्या शर्टातली मुलं आपापलं वासरू दोराने चालवत होती. “आई, आय वॉना डू दॅट,” ती म्हणाली. मी नाही म्हणायच्या आत ताई म्हणाल्या, “वासरू माझं.”

इथली रीत अशी की वासरू मुलानेच वाढवायचं. बाटलीने दूध पाजायचं, खरारा करायचा, रोज चालवायचं, आणि शोच्या दिवशी एकट्याने रिंगणात न्यायचं. मोठ्या माणसाने दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. हा नियम मी ताईंना दोनदा विचारून घेतला. इतर आया दोरीपाशी घडीच्या खुर्च्या टाकून कॉफी पीत बसायच्या.

पुढच्या वर्षी इरा पहिल्यांदा रिंगणात उतरली. ताईंनी सकाळी वासराला शाम्पूने न्हाऊ घातलं आणि ट्रेलरच्या मागे, कुणी बघत नाही असं पाहून, त्याला औक्षण केलं. निरांजन वाऱ्याने राहीना, म्हणून नुसतं ताम्हन ओवाळलं आणि कपाळावरच्या पांढऱ्या चांदावर कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. “आपल्याकडे पोळ्याला बैल असा नुसता पाठवतात का?” म्हणाल्या. कपाळ ओलं आहे हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. रिंगणाच्या पलीकडच्या कडेला गेल्यावर वासराने डोकं इराच्या अंगाला घासलं. मला एवढंच दिसलं की इराचा पांढरा शर्ट पोटापासून खांद्यापर्यंत लाल झाला आहे, वासराच्या तोंडावरून लाल ओघळ येतायत आणि परीक्षक हात वर करून तिच्याकडे पळतोय. मी दोरी दोन्ही हातांनी धरून तिथेच उभी राहिले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताई दोरीखालून वाकून सरळ आत गेल्या. तिथे त्यांनी हातवारे करून परीक्षकाला काय समजावलं कोण जाणे, त्याने वासराच्या कपाळाला बोट लावलं, वास घेतला आणि मोठ्याने हसला. इरा त्याच्यामागे उभी राहून मला हात हलवत होती. मोठं माणूस आत आलं म्हणून तिला बक्षिसाची रिबन काही मिळाली नाही. ताई बाहेर आल्या त्या सरळ गवतावरच बसल्या. “मीच लावलेलं कुंकू, मला माहीत होतं गं,” त्या म्हणाल्या, “तरी पाय लटपटले.” तोवर मला वाटायचं ही बाई कशालाच घाबरत नाही.

आता त्या नाहीत आणि माझी भीती मात्र मोकाट सुटली आहे. इरा सकाळी जरा उशिरापर्यंत झोपली तरी मी जाऊन तिचा श्वास बघते. फोन वाजला की दचकते. यंदाच्या वासराचं नाव साखर, आणि शो पुढच्या शनिवारी आहे. “आय ॲम स्टिल डूइंग इट, आई,” असं इराने दहाव्याच्या दिवशीच सांगितलं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. दोरीपाशी ताई नसताना तिला त्या रिंगणात सोडायची माझी छाती नाही. इरा वाद घालत बसली नाही. पण वासराला रोज चालवावं तर लागतंच, नाहीतर ते अडेल होतं. निलेशला त्या पॅडॉककडे बघायचासुद्धा धीर होत नाही, एकदा आला तो गाडीतच बसून राहिला. म्हणून शाळा सुटल्यावर आमच्या माउंट रॉस्किलहून मीच तिला घेऊन जाते आणि फाटकाबाहेर उभी राहते.

परवा मात्र इराने ब्रश आणायला जाताना दोर माझ्या हातात दिला. साखर पाय रोवून उभी राहिली आणि माझ्याकडे एकटक बघत राहिली. मी हात लांब करून दोर धरला. “बोल ना तिच्याशी,” इरा लांबूनच म्हणाली. “आत्या टॉक्ड टु हर हीप्स.” मी विचारलं, इतकं काय बोलायची आत्या? एरवी घरात आम्ही मराठीत विचारतो आणि ही इंग्रजीत उत्तर देते. पण आता ती आत्याचे शब्द सांगत होती, त्यामुळे अगदी सांगलीच्या सुरात बोलली. “साखरे, आज स्मिता येणार बघ. ती तुला लई घाबरते. ती सगळ्यालाच घाबरते. पण येते की नाही बघ, दरवेळी येते.”

आणि ब्रश घेऊन परत आलेली इरा शांतपणे साखरेच्या शेपटीतली कुसळं काढायला लागली.

मला रडू आवरेना. दोर सोडता येत नव्हता, म्हणून डोळेही पुसता आले नाहीत. साखर अजून तशीच बघत होती, पण माझ्याकडे नाही, माझ्यामागे ताईंच्या घराच्या दाराकडे. तेव्हा लक्षात आलं, आम्ही सगळ्यांना कळवलं, सांगलीला, ऑफिसात, मराठी मंडळात, पण हिला कुणीच काही सांगितलेलं नाही. मग मी सांगितलं. म्हटलं, ताई आता यायच्या नाहीत गं. शनिवारी इराच नेईल तुला. मी असेन बाहेर... घाबरलेली असेन, पण असेन.