मापाचं पाणी

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणत असू. म्हातारपणी त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. औरादजवळच्या आमच्या गावाहून त्यांना बसने हैदराबादला न्यायचो, तिथे मशीनवर रक्त धुऊन घ्यायचो. पहिल्याच खेपेला तिथल्या नर्सबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अम्मा, पानी नाप को देना. इनके पेट का पानी अब बाहर नहीं जाता. छाती में भर गया तो गए."

नवरा बीदरला नोकरीला, आठवड्याने यायचा. म्हणून माप माझ्याकडे आलं. सकाळी एका छोट्या चंबूत दिवसभराचं पाणी काढून ठेवायची आणि त्यातलं घोट घोट द्यायची. मामा उन्हाळ्यात बाजेवर बसून ओठ चाटत. मला त्यांच्यासमोर बोलायची सवय नव्हती. पदर पुढे ओढून चंबू घेऊन उभी राहायची, एवढंच.

चूळ भरायला मात्र पाणी लागायचं. तांब्या हातात दिला की ते चूळ न भरता पिऊन टाकत. दोनदा तसं झालं आणि दोन्ही वेळा पाय सुजले, धाप लागली. मग मी तांब्या माझ्याच हातात ठेवू लागले. ते ओंजळ पुढे करत आणि मी वरून थोडं थोडं ओतत असे. ते खाली मान घालून चूळ भरत. एकदा त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तहानेनं बघितलं.

मग त्यांची थोरली बहीण चिंताकीहून भेटायला आली. सगळे तिला अक्का म्हणत. ती दारात आली तेव्हा मी मामांच्या ओंजळीत पाणी ओतत होते. ती तशीच उभी राहिली.

"अगं, वरून घालायलीस व्हय पाणी?"

मी थांबले.

"पाटलाच्या हिरीवर असंच घालायचे आमाला. खाली बसून ओंजळ धरायचो आमी बहीणभाऊ. दीक्षा घेतली ती कामून? सुनंच्या हातनं तेच बघायला?"

"अक्का, डॉक्टरनं…" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"डॉक्टरचं ऱ्हाऊ दे बाजूला!" तिनं माझ्या हातातला तांब्या ओढून घेतला, रांजणात बुडवून काठोकाठ भरला आणि मामांच्या दोन्ही हातांत दिला. "पी रं भावा. बस नीट आन् पी."

मी पुढे झाले, पण तांब्याला हात लावायचा धीर झाला नाही. मामा डोळे मिटून प्याले. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. रिकामा तांब्या मांडीवर ठेवून ते हसले. आजारी पडल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आडवं झालं की त्यांना श्वास पुरेना. नवऱ्याला निरोप गेला. जीप करून हैदराबादला नेलं. मशीनवर बराच वेळ ठेवल्यावर छातीतली घरघर उतरली.

"किसने पिलाए?" नर्सबाईने मला दरडावलं.

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "मेरी बहन पिलाई. अच्छा पिलाई."

घरी आल्यावर नवऱ्याने अक्काला सगळं समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, "व्हय बाबा, कळतंय मला," म्हणाली. तो बीदरला परत गेला. संध्याकाळी मी चंबू भरून बाजेजवळ नेला तर मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तू ऱ्हाऊ दे आता, पोरी," ते म्हणाले. "माझं पाणी अक्का बघंल."

अक्कानं चंबू माझ्याकडून घेतला आणि आत नेऊन उतरंडीमागे ठेवला. मी चुलीपुढे जाऊन बसले. बाहेर रांजणावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, मग बहीणभाऊ हळू बोलायला लागले. मशीनचा दिवस अजून लांब होता.