प्याल्याची पाळी

माझा थोरला भाऊ आमची ख्रिस्ती मंडळी सोडून बौद्ध झाला तेव्हा मी आष्टीजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. आम्हा दोघांचा बाप्तिस्मा लहानपणी एकाच दिवशी झालेला. छप्पन्न साली वस्तीतली बहुतेक घरं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, त्यांत हाही होता. घरी आला तर मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"देवाले सोडलं तुनं," मी म्हटलं.

"देवाले नाई, त्या पंचाले सोडलं. प्रभुभोजनाचा प्याला त्याच्या घरच्यायनं कधी आपल्यामांगून घेतला काय? आपली पाळी शेवटीच काऊन येते?"

पंच म्हणजे आमच्या मंडळीचे कारभारी. त्यांच्या आजोबांनी धर्म बदलला होता, पाटीलकीचा ताठा तेवढा घरात राहिला होता. तरी मी भावाला म्हटलं, "कोनी तरी शेवटी असतेच." तो हसला. त्या हसण्याची मला इतकी चीड आली की त्याला खोटं पाडायलाच मी पुढच्या प्रभुभोजनाला डोळे उघडे ठेवून बसले.

तो खोटं बोलत नव्हता. द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत फिरायचा. आधी पंच, मग त्यांची बायको, मुलं, सोयरे. सगळ्यांत शेवटी आमची सतरंजी. एवढी वर्षं हे माझ्यासमोर होत होतं आणि मी डोळे मिटून गाणी म्हणत होते.

शाळेत बायबलातली वचनं पाठ करून मी बक्षिसं मिळवली होती. आता शास्त्र वाचायला बसले ती शत्रूची कागदपत्रं तपासावीत तशी. एका ठिकाणी एक प्रेषित आपल्या जातीची माणसं आलेली पाहून परक्यांच्या पंगतीतून अंग काढून घेतो, आणि दुसरा त्याला सगळ्यांदेखत फटकारतो. हे मला तोंडपाठ होतं. पण ही जेवणाची गोष्ट आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ते पान घेऊन मी आमच्या पाद्र्यांकडे, पाळकसाहेबांकडे गेले. "साहेब, आपल्याकडे हे कोण बोलणार?"

"तुम्हाला भावाचं वारं लागलंय, बाई," ते म्हणाले आणि पान न बघता आत गेले.

पुढच्या प्रभुभोजनाला पंच उठायच्या आत मी उठले. साहेबांच्या हातून प्याला घेतला, प्यायले आणि पंचांपुढे धरला. त्यांनी प्याल्याच्या काठाकडे पाहिलं. "चला," ते बायकोला म्हणाले. अख्खं घर उठून बाहेर गेलं.

मला वर्षभर प्याला बंद झाला. पंचांची बायको दवाखान्यात आली, तर माझ्या हातून सुई घेईना. दुसरी नर्स मोकळी होती, तरी मी पंचांच्या बायकोला तासभर ताटकळत बसवलं. त्याची लाज मला आजही वाटत नाही.

त्या वर्षी मागच्या सतरंजीवर रिकाम्या हातांनी बसून मी जे शिकले, ते बक्षिसांच्या वचनांतून कधी शिकले नव्हते. लहानपणापासून माझ्या मनातला देव पंचांसारखाच होता, स्वच्छ धोतरातला, लांबून नमस्कार करण्याजोगा. आता वाचताना जो भेटत होता तो ओवाळून टाकलेल्या माणसांच्या घरी जेवत होता आणि त्यापायी शिव्या खात होता. मी त्याच्याशी भांडायला लागले. पूर्वी नुसतं मागत असे.

वर्ष सरलं तेव्हा मंडळीने प्रत्येकासाठी वेगळे, बोटाएवढे पेले आणले. स्वच्छतेसाठी, असं साहेबांनी जाहीर केलं.

मी उभी राहिले. "साहेब, मी नर्स आहे. हा रोग कसला, ते मला कळतं."

मी माझा पेला उचलला, प्यायले आणि खाली बसले.

भावाला हे कळलं तेव्हा तो मुद्दाम दवाखान्यात आला. "आता तरी सोड."

"देव काय पंचाच्या बापाचा हाय? मी काऊन सोडू?"

"मंग मर तिथंच," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी बोललो नाही.