बाईंच्या सुया

बाईंबद्दल लिहावं इतकी माझी त्यांच्याशी ओळख नव्हती. माझ्या लाँड्रीत खिडकीपाशी बसून त्यांनी बावीस वर्षं रफू केलं, पण त्यांना कोणता रंग आवडायचा हे विचाराल, तर मला सांगता येणार नाही. घरी एक भाची होती. धाकटा भाऊ यकृताच्या आजारानं गेला होता. बाकी आमचं बोलणं कपड्यांपुरतं.

काम मात्र मी रोज पाहत होतो. कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसायच्या आणि भोकावर असे विणायच्या, की मालकालाच भोक शोधावं लागे. म्हणायच्या, "दिसलं तर ते रफू नव्हे, ठिगळ."

मग त्यांनाही भावाचाच आजार निघाला, हेपेटायटिस सी. आठवड्याला एक इंजेक्शन, असे अठ्ठेचाळीस आठवडे. दुसऱ्या दिवशी अंगात ताप असायचा, तरी शाल गुंडाळून यायच्या. "आजारानं नाही तर औषधानं, कशानं तरी सुटेनच," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

बत्तिसाव्या इंजेक्शननंतर एके सकाळी त्यांनी सुई आणि रीळ माझ्यापुढे धरलं.

"दादा, जरा ओवून द्या. डोळ्यांपुढे कापसाचे पुंजके तरंगतायत."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं तर इंजेक्शन बंद. त्यांनी आधीच बजावलंय, या औषधानं डोळ्याचा पडदा बिघडू शकतो, काही वाटलं तर लगेच या. पण सोळाच राहिलीत. भावानं तापाला कंटाळून अर्ध्यावर सोडलं होतं. पुढचं मी पाहिलंय."

इकडे आड, तिकडे विहीर. मी सुई ओवली.

"ओवताना जीभ काय बाहेर काढता! शाळेत पाटीही चाटायचात वाटतं?"

"सुईचं भोक लहान आहे, बाई."

"आणि जीभ मोठी. भाचीपुढे तेवढी आत ठेवा."

तेव्हापासून दुकान उघडलं, की मी बारा सुया ओवून त्यांच्या टेबलावरच्या सुयांच्या उशीत खोचून ठेवू लागलो. आपण मदत करतोय असं वाटायचं. खरं तर त्यांचं दुखणं झाकायलाच मी हातभार लावत होतो.

महिन्याभरानं एक गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं. गडद निळ्या कोटावर काळ्या धाग्याचं रफू, उजेडात लगेच दिसत होतं. बाईंनी ते बोटांनी चाचपलं. त्या काही बोलण्याआधीच मी म्हणालो, "इस्त्री जास्त गरम झाली हो, रंग उडाला. चूक माझी." त्या दिवशी तरी भाचीला गाठून सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं झालं नाही.

त्यानंतर दहाव्या दिवशी कात्री घ्यायला गेलेला त्यांचा हात टेबलाच्या कडेवरच आपटला. डाव्या डोळ्यात पडदा ओढल्यासारखा अंधार झाला होता. भाची आणि मी त्यांना घेऊन गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शीर बंद होऊन रक्त उतरलंय. सुरुवातीलाच आला असतात, तर बहुधा निवळलं असतं. इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. भाचीनं माझ्याकडे पाहिलं की नाही, ते मला माहीत नाही.

इंजेक्शनं बंद झाली. उजवा डोळा थोडा सावरला, डावा गेला तो गेलाच. काही महिन्यांत रक्तात आजार पुन्हा दिसला. बाई येत राहिल्या. रफू सुटलं, चाचपून बटणं लावायच्या. दोन वर्षांनी पोटात पाणी झालं आणि त्या गेल्या.

मला त्यांची माफी मागायची होती. तशी वेळ रोजच येत होती. दुकानातल्या शेवटच्या संध्याकाळीही त्या दारात चप्पल शोधत होत्या, ती मी पायाशी सरकवून दिली.

"उद्या दोनच सुया ओवा, दादा. राखाडी."

"बारीक दोरा?"

"जाडच घ्या. बटणं तर लावायचीत."

"बरं."