दगडाच्या आज्याची हमाली

दत्तूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सिन्नरजवळच्या गावातून भाजीच्या टेम्पोत बसून तो नाशिकच्या मार्केट यार्डात जायचा आणि दिवसभर कांद्याच्या गोण्या वाहायचा. ओझं कितीही असो, तोंड वाकडं करायचं नाही, हा त्याचा नियम. कण्हायला जो दम लागतो तो पायांना द्यावा, असं तो म्हणायचा.

त्याचा आजा म्हणजे सोमा पैलवान. सोमाला जाऊन कैक वर्षं झाली, पण त्याची ताकद अजून वाढत होती. दत्तूच्या लहानपणी सोमानं विहिरीत पडलेलं वासरू खांद्यावर घेऊन वर आणलं होतं. दत्तूच्या लग्नापर्यंत त्या वासराचा बैल झाला. आता तर सोमानं मनमाडला घसरलेलं इंजिन उचलून परत रुळावर ठेवलं होतं. इंजिनाबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. नंतर सोमाला चहा ड्रायव्हरनं पाजला की स्टेशनमास्तरनं, यावरून मात्र भांडणं होत.

सोमानं एक गोष्ट नक्की केली होती. खंडोबाच्या जत्रेत माणसांनी भरलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधतात आणि त्या एकट्यानं ओढायच्या असतात. मागून गावही हात लावतं, पण ते कुणी बोलत नाही. हा मान सोमानं घरात आणला आणि तो दत्तूपर्यंत टिकला होता. दत्तूला आयुष्यात तेवढीच एक गोष्ट गमवायची नव्हती.

यंदा वरच्या आळीनं सुरू केलं, की दत्तू थकला, मान आम्हाला द्या. जत्रा कमिटीचा अध्यक्ष धनराज यानं तोड काढली. वर्गणीतून सोमाचा दगडी पुतळा येणार होता. जत्रेच्या सकाळी दत्तूनं तो एकट्यानं पारावर नेला तर मान त्याच्याकडेच राहील. दुसऱ्या कुणी पुतळ्याला बोटही लावायचं नाही.

"हमाली पडेल," दत्तू म्हणाला.

"सख्ख्या आज्याची हमाली घेता, दत्तूभाऊ?"

"पाठीला काय कळतंय कोण बसलंय ते."

जत्रेच्या सकाळी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. पुढं जागाच नव्हती. अख्खा गाव जमला होता. दत्तूनं पाठीवर गोणपाट घेतलं, फाळक्याला टेकून बसला, आज्याला पाठीवर ओढलं आणि दगडाला लागेल तेवढा जोर लावून उठला. तो तोंडावरच आपटायचा, थोडक्यात वाचला. पुतळा आतून पोकळ होता. फायबरचा, वरून काळा रंग.

दत्तू होता तिथंच वाकून उभा राहिला. हे उघडं पडलं तर वरच्या आळीतलं कुणीही हा पुतळा काखेत मारून नेईल. मग मान कशाच्या जोरावर मागायचा?

धनराज लगबगीनं जवळ आला. त्याला दत्तूपेक्षा जास्त घाम फुटला होता.

"दत्तूभाऊ, जरा कण्हा."

"मला येत नाय."

"पाया पडतो. निदान गुडघे तरी हलवा."

दत्तूनं गुडघे हलवले. ओझं असलं की कुठं ताण द्यायचा हे ओझंच सांगतं. इथं सगळं मनानं ठरवावं लागत होतं. त्यात गल्लीत वारा शिरला आणि आजा उडायला बघू लागला. त्याला खाली ओढून धरताना दत्तूला पहिल्यांदा खरा घाम आला.

"लय जड हाय गं बाई!" ओट्यावरून म्हातारी कुसाबाई ओरडली. "ठेव रे लेकरा खाली, दम घे!"

खाली ठेवला असता तर रिकाम्या पिंपासारखा वाजला असता. दत्तू चालत राहिला. पाराच्या शेवटच्या पायरीवर त्यानं एक मोठा खोटा झोक घेतला आणि कमरेत कट्‌कन उसण भरली. तो जे ओरडला ते अगदी खरं होतं. वरच्या आळीचा म्होरक्या पुढं झाला आणि त्याच्या पाया पडला. मान राहिला.

धनराजनं गुपचूप दगडाची हमाली हातात कोंबली. दत्तूनं विचार केला. बोजा हलका होता, पण काम दगडापेक्षा जड झालं होतं. त्यानं ती घेतली.

घरी तो पालथा पडला.

"जन्मभर कांदे वाहिले तेव्हा नाय, अन् आजच कशी भरली वो?" त्याच्या बायकोनं, वत्सलाबाईनं विचारलं.

"आजा पोकळ हाय."

ती हसता हसता खालीच बसली. मग तिनं डोळे पुसले. "अन् संध्याकाळी गाड्या कोण ओढील?"

उत्तराची वाट न बघता तिनं हमालीचे पैसे घेतले, जीप पकडून सिन्नर गाठलं आणि तिथल्या मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणला.

संध्याकाळी दत्तूच्या अंगाला हळद लागली, दोर कमरेला आला. बारा गाड्यांत पोरं, बाया, पावणे, एकाची शेळीसुद्धा. दोर ताणला तसं सगळं वजन अंगावर आलं, खरंखुरं, ओळखीचं. दत्तूनं तोंड मिटलं आणि दम पायांना दिला. गाड्या हलल्या. "सोमा अंगात आला!" गाव ओरडलं. धोतराखाली पट्टा करकचून आवळलेला होता. सोमाची सगळी हमाली त्यातच गेली होती.