शबानाच्या रेकॉर्डिंगमधला गलका

मोताळ्याजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. वर्गात मुलींच्या जोड्या केल्यात. एकीनं घरच्या मोबाईलवर इंग्रजी वाक्यं बोलून पाठवायची, दुसरीनं चुका सांगायच्या. मीही ऐकते.

सध्या बीटी कापसाची वेचणी चालू आहे. शाळा सुटली की शबाना अम्मीसोबत वेचायला जाते आणि शेतातूनच रेकॉर्डिंग पाठवते. मागे सतत बायकांचा गलका. परवा मी वैतागून म्हटलं, "जरा शांतपणे रेकॉर्ड करत जा गं."

काल तिचं एकदम स्वच्छ रेकॉर्डिंग आलं. आज वर्गात मी कौतुक केलं, तर तिची जोडीदार कोमल हळूच म्हणाली, "मॅडम, तो गलका नोयता. तिची अम्मी अन् बाकीच्या बाया तिच्या मांगं इंग्रजी म्हनत होत्या. आता तिनं मोबाईल काढला का साऱ्याजनी चूप बसतात."

घरी येऊन जुनी रेकॉर्डिंग नीट ऐकली. "आय अॅम पिकिंग कॉटन," शबाना म्हणते. मागून सगळ्या बाया तेच म्हणतात आणि खळखळून हसतात.

मी इतके दिवस फक्त शबानाच्या चुका ऐकत होते.

उद्या तिला सांगेन, बोलू दे त्यांना. पण माझ्या सांगण्यावरून गप्प झालेल्या बाया माझ्या सांगण्यावरून परत बोलतील का?