तोंड भरलेल्या पाच माद्या

दिराच्या घराखालच्या तळघरात विकायच्या शोभेच्या माशांच्या काचेच्या बावन्न टाक्या होत्या आणि त्यांच्या मधोमध वहिनी होत्या. नवरा गेल्यावर ‘चार दिवस मदतीला या’ म्हणून दिराने त्यांना खाली बोलावलं होतं. त्या चार दिवसांना आता नऊ वर्षं होत आली होती. वहिनी म्हणजे एकट्या दिराच्या नव्हेत. मासे न्यायला येणारा टेम्पोवाला, समोरचा न्हावी, मीटर बघायला येणारा, सगळ्यांच्याच.

काम ऐकायला सोपं. बारा टाक्यांत सिक्लिड जातीचे मासे होते. त्यांच्यातली मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. मग तीन आठवडे ती अन्नाला शिवत नाही. हनुवटी फुगवून कोपऱ्यात उभी राहते आणि पिल्लं तोंडातच वाढतात. टाकीत सोडली, तर शेजारपाजारचे त्यांचा नाश्ता करून मोकळे. म्हणून अठराव्या दिवशी मादीला ओल्या तळहातावर घ्यायचं, डोकं खाली करायचं आणि बोटाने जबडा हलकेच उघडून पिल्लं वाडग्यात उतरवायची. दिराने एकदा करून पाहिलं, तर जबडाच मोडला. जाऊबाईंनी आपली नखं दाखवून विषय मिटवला. तेव्हापासून दोघंही “वहिनींच्या हाताची गोष्टच वेगळी” असं इतक्या प्रेमाने म्हणत, की वहिनींना गावाबाहेर पडणं जमलंच नाही. कधीही बघा, कोणाचं तरी तोंड भरलेलं असायचंच.

धाकट्या बहिणीचा फोन यायचा. “ताई, आठ दिवस ये. काही करायचं नाही, नुसतं बसायचं.”

“नुसतं कसं बसतात गं?”

“तेच शिकवते, ये तू.”

आठ दिवस कोरडे हात. वहिनींच्या मनाने हे घेतलं ते घेतलंच. महिनाभर आधी त्यांनी कोणाला न सांगता बाराही टाक्यांतले निळेशार नर जाळीने उचलून एका मोठ्या टाकीत नेऊन टाकले. आधी भरलेली तोंडं एकेक करून वेळेवर रिकामी झाली. नवरे नाहीत म्हणजे अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत म्हणजे वहिनी मोकळ्या. तिकीट काढलं. “जा की, तुम्हाला कोणी अडवलंय?” दीर म्हणाला. जाऊबाईंनी स्वतःची बॅग दिली. चेन तेवढी तुटलेली होती.

निघायला चार दिवस उरले असताना नऊ नंबरच्या टाकीतली एक मादी खाईना. वहिनी वाकल्या. हनुवटी फुगलेली. आणि दगडाआडून एक निळाशार गडी जावयाच्या तोऱ्यात फिरत होता. तो बाहेरून आला नव्हता, इथेच होता. टाकीत दांडगा नर असला की दुबळा नर मार चुकवायला मादीसारखा पिवळट होऊन राहतो, आणि दांडगा हलला की रंग चढवतो. हे वहिनींना पाठ होतं. सुटीच्या घाईत विसरल्या, इतकंच.

तीन टाक्यांत मिळून पाच माद्या निघाल्या. हनुवटीच्या कातडीतून पिल्लांचे डोळे ठिपक्यांसारखे दिसत होते. म्हणजे दहा दिवस झाले होते. अठरावा दिवस बरोबर बहिणीच्या घरी पडत होता.

“आत्ताच उघडा ना तोंडं,” जाऊबाई म्हणाल्या.

“पिल्लांच्या पोटाला अजून बलकाचा पिवळा गोळा आहे. जगणार नाहीत.”

“मग राहू दे तसंच. खातील तर खातील मासे, आपण तरी काय करणार?”

इथे वहिनींनी नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी दार उघडून धरलं होतं. पण दीड-दोनशे ठिपके त्यांच्याकडे बघत होते आणि तो शब्द काही तोंडातून निघेना.

दिराने तोडगा काढला. “तिकीट कशाला वाया घालवता? बादलीतून न्या ना बरोबर. घट्ट झाकणाची देतो. सेलवरचा हवेचा पंपही देतो, सेल माझ्याकडून.” स्वतःच्या उदारपणावर तो खूश दिसला.

धक्का बसला की मादी पिल्लं थुंकते, नाहीतर गिळते. म्हणून सहा तासांच्या प्रवासात बादली वहिनींच्या मांडीवर होती. शेजारची बाई डुलक्या घेत होती. वहिनी खड्डे मोजत होत्या.

बहिणीने गॅलरीत खुर्ची टाकून ठेवली होती. “बस आता. आठ दिवस उठायचं नाही.”

“घरात सगळ्यात अंधारी, शांत खोली कुठली?” वहिनींनी विचारलं.

बहिणीने अडगळीच्या खोलीकडे बोट दाखवलं. वहिनींनी बादली आत ठेवली, परत आल्या आणि खुर्ची उचलून तिकडे घेऊन गेल्या.